मनातल्या विनंतीचा जाहीर बोभाटा

नाशिक,
शुक्रवार, सायंकाळ

परमप्रिय आशाताईस,

धाकट्या बंधूचा, कंबर अनुमती देईल तितका लवून, सप्रेम सलाम.

तुझा रक्तदाब, तुझा मोतीबिंदू आणि नामपुरातला तुझा शेजार ही तिन्ही उपद्रवस्थाने प्रभुकृपेने शांत असावीत, अशी प्रार्थना करतो. येथील वर्तमान असे, की माझी प्रकृती उत्तम असून ते कोणालाही मान्य नाही. त्या प्रकरणाचा साद्यंत वृत्तांत निवेदन करण्यासाठीच हा पत्रप्रपंच. भ्रमणध्वनीवरही सांगता आले असते. परंतु तेथे तू दुसऱ्याच वाक्याला 'मुद्द्यावर ये' म्हणतेस, आणि तो प्रांत माझा नव्हे.

तुला ठाऊकच आहे, की आमच्या चर्चच्या मंडळीत दर बुधवारी सायंकाळी एकेका घरी क्रमाने प्रार्थनासभा भरते आणि महिन्याचा दुसरा बुधवार तुझ्या भावजयीचा, सुवर्णाचा, असे. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत उतरे, आणि आमच्या गीतगायनाने वरच्या मजल्यावरील गृहस्थ (ते स्वतः तबला शिकत असूनही) व्यथित होत. सुवर्णाला जाऊन पुढल्या महिन्यात दोन वर्षे होतील. तेव्हापासून दुसरा बुधवार अन्य घरी जाऊ लागला. यादीतून आमचे घर नेमके केव्हा गळाले ते कळलेही नाही. सभ्य माणसे फार हळू आवाजात विसरतात. या दोन वर्षांत माझ्या घरात माझ्याखेरीज कोणी प्रार्थना केलेली नाही, आणि मी एकट्याने केलेली प्रार्थना म्हणजे संस्कृतच्या शिक्षकाने स्वतःचीच उत्तरपत्रिका तपासण्यातला प्रकार.

तेव्हा सभा पुन्हा आमच्या घरी भरवा, असे मागावे की न मागावे, हा माझ्यापुढील यक्षप्रश्न. मागावे, तर एकट्या पुरुषाचे घर. न मागावे, तर एकट्या पुरुषाचे घर. (दोन्ही पक्षांचे प्रमाण एकच निघाले, की तर्कशास्त्र हात टेकते.) ज्याला शहाणपण अपुरे पडते त्याने ते देवाकडे मागावे, देव दोष लावीत बसत नाही, असे आईने आपल्याला शिकवले होते. (मंडळी लावते. हे आईने सांगितले नव्हते.) म्हणून मी शहाणपण मागण्याचे ठरवले आणि तेथून माझ्या अधोगतीला आरंभ झाला.

सभेच्या अखेरीस आमचे पाळक रविराज 'कोणाच्या काही विनंत्या?' असे विचारतात. मग कोणी मुलाची परीक्षा सांगतो, कोणी सांधेदुखी. ज्याला उघड बोलवत नाही त्याने 'मनातली विनंती' एवढेच म्हणावे आणि मंडळीने कारण न विचारता प्रार्थना करावी, अशी सुंदर रीत आहे. मात्र 'कारण न विचारता' या शब्दांची व्याप्ती 'आमेन'पर्यंतच असते, हे तीस वर्षे त्या सतरंज्यांवर बसूनही मला अवगत नव्हते. गेल्या महिन्यात मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझी एक मनातली विनंती आहे. एका बाबतीत मला ईश्वरी ज्ञानाची नितांत आवश्यकता आहे." एवढे बोलून खाली बसलो. मी चपला शोधीपर्यंत माझे दोन रोग आणि एक विवाह निश्चित झाला होता.

दुसऱ्या दिवशी प्रातःकाळी महिला मंडळाच्या चिटणीस उज्वलाबाई कारल्याच्या रसाचा तांब्या घेऊन दारात उभ्या.

"भाऊ, शुगर किती निघाली?"

"मी मोजलेलीच नाही."

"बघा! वाढलेली माणसं मोजतच नाहीत."

आठ दिवस रोज त्या आल्या. पेला रिकामा होईतो समोर बसत आणि तेवढ्या अवधीत सुनेचे माहेर, गॅसवाल्याची अरेरावी, द्राक्षांचे भाव असे नानाविध विषय हाताळीत. नवव्या दिवशी त्या आल्या नाहीत. (कारले समजतात तितके कडू नसते, ताई. पेला घेऊन जायला कोणी थांबलेले असेल तर.)

त्यानंतर सिंधुबाईंचे आगमन झाले. या मंडळीतील सर्वांत वयोवृद्ध, मूळच्या दिंडोरीकडच्या, आणि मी पुनर्विवाहोत्सुक आहे असा त्यांचा सिद्धांत.

"भाऊ, लाजू नका. देवाला सांगितलं ते आम्हाला सांगायला काय होतंय? लय झाकून ठेवलं की नासतं."

"सिंधुबाई, तसे खरोखर काही नाही."

"नाय कसं? 'नितांत' म्हणले ना तुम्ही!"

मग त्यांनी दिंडोरीच्या एका शिक्षिकेचे छायाचित्र दाखवले. बाई गुणाची आहे, फक्त बोलते कमी, असे म्हणाल्या. या घरात मौनाची टंचाई नाही, असे मी नम्रपणे निदर्शनास आणले.

सरतेशेवटी स्वतः पाळकसाहेब आले. वयाने ते माझ्या एखाद्या विद्यार्थ्याएवढे. पण माझा विश्वास डळमळला आहे, या काळजीने चेहरा वार्धक्याकडे झुकलेला. "सर, शंका येणं काही वाईट नाही," म्हणाले. मला कोणतीही शंका नाही, असे मी सांगितले. "सर, सुरुवात अशीच होते," असे म्हणून त्यांनी शंकानिरसनाचा चाळीस दिवसांचा पाठक्रम माझ्या हाती ठेवला. तो मी निष्ठेने वाचला. बाराव्या दिवशी मला पहिली शंका आली.

आणि आता परवाचा बुधवार. सभा उज्वलाबाईंकडे होती. विनंत्यांची वेळ झाली आणि तिघांनीही पाठोपाठ माझ्यासाठीच प्रार्थना केली: उज्वलाबाईंनी साखर उतरावी म्हणून, सिंधुबाईंनी जोडीदार मिळावा म्हणून (त्यांनी दिंडोरीचा पत्ताही देवाला सांगितला), आणि पाळकसाहेबांनी विश्वास दृढ व्हावा म्हणून. एकाच इसमाची तीन परस्परविसंगत प्रकरणे एकाच सायंकाळी स्वर्गात दाखल झालेली पाहून मी उभा राहिलो. मनात मी एक सुविहित निवेदन सिद्ध केले होते. 'मदीय निवासस्थानी' अशी त्याची सुरुवात होती. तोंडातून मात्र निराळेच निघाले.

"सभा माझ्या घरी घ्या ना. घर फार गप्प झालंय."

प्रथम डोळे उघडले ते सिंधुबाईंनी.

"अहो, मग दोन वर्षं बोलला का नाय? तिच्याबिगर तिथं गाणी म्हणली तर तुम्हाला सोसायचं नाय, असं वाटलं आम्हाला. मीच सगळ्यांना बजावलं होतं, भाऊंना इचारू नका म्हणून." असे म्हणून त्या पदराने नाक पुसू लागल्या. पाळकसाहेब गीतांच्या पुस्तकाची अनुक्रमणिका वाचू लागले. उज्वलाबाईंनी हळूच विचारले, "आणि शुगर?"

ताई, दोन वर्षे ते माझे मन जपत होते आणि मी त्यांची भीड जपत होतो. उभय पक्ष इतके समंजस, की कोणी कोणाचा उंबरठा ओलांडला नाही. मी मागितलेले ईश्वरी ज्ञान ते हेच असेल, तर फारच साध्या मराठीत आले. मी निदान एखाद्या समासाची अपेक्षा केली होती.

असो. बारा दिवसांनी, दुसऱ्या बुधवारी, सभा आपल्या घरी आहे. बावीस माणसे येणार आहेत. वरच्या गृहस्थांना पूर्वसूचना दिली आहे. तबला घेऊन आलो तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

तुझा आज्ञाधारक (आज्ञा मिळाल्यास) बंधू,
प्रसन्नकुमार

ता. क. : सभेनंतर शिरा करावा म्हणतो. बावीस माणसांना रवा किती व तूप किती, याविषयी मी घोर अज्ञानात आहे. हा विषय टपालाने उलगडण्याजोगा नाही; तज्ज्ञ व्यक्ती प्रत्यक्ष उपस्थित असणे इष्ट. नामपूरहून सकाळच्या गाडीने निघाल्यास दुपारच्या जेवणाला येथे पोहोचता येते.

ता. क. २ : गेल्या खेपेस तू आलीस त्या दिवशी लिफ्ट बंद होती. आता चालू आहे. मी स्वतः दोनदा वर-खाली जाऊन खात्री केली.

ता. क. ३ : शिऱ्याचे प्रमाण सुवर्णाने रव्याच्या डब्याच्या झाकणाला आतून लिहून चिकटवले आहे. बावीस माणसांचेही आहे. माणसे साडेआठला जातात. तू आठवड्याचे कपडे घेऊन ये, ताई.