मला शोधू नका

प्रिय भिंगरी,

पत्र बघून आधी हसशील, घुबडीला कागद-पेन कुठून सुचलं म्हणून. काय करणार? तुझे सगळे नंबर बंद. हा पत्ता तुझ्या ताईने दिला, तोही "अजून तिथेच असेल असं नाही हं" असं बजावून. मी त्या चष्म्याच्या दुकानातच आहे. काचा घासते, वाकड्या दांड्या सरळ करते, लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते. मालक म्हणतात, हात चांगला बसलाय. आईचे गुडघे धरलेत, पण तोंड शाबूत आहे. तुझी आठवण काढते, तीसुद्धा रागावूनच.

आपला सिनेमा अजून कुठे कुठे फिरत असतो. दिग्दर्शक बाईंनी शाळेच्या मैदानात तुला हेरलं आणि तुझ्या शेजारी उभी होते म्हणून मलाही घेतलं, असंच मला अजून वाटतं. दोन मैत्रिणी, हातात फोन, आणि अनोळखी लोकांच्या कौतुकापायी एकमेकींपासून तुटत जाणं, एवढीच तर गोष्ट होती. ती करताना आपण मात्र एका ताटात जेवत होतो. बाई वैतागायच्या, भांडणाच्या प्रसंगाआधी तरी जरा लांब बसा गं. आणि तो न्हाणीघरातला प्रसंग! नळ धो धो सोडलेला, तू फोनकडे बघून हळूच म्हणतेस, "मला शोधू नका. मी रागावले नाही, दमलेय." बाईंनी 'कट' म्हटलं तरी कुणी जागचं हललं नाही. शेवटी तूच नळ बंद केलास आणि म्हणालीस, "अरे, गेलात का सगळे?"

तेवढाच तुकडा कुणीतरी कापून काढला, खाली 'हरवलेल्या मुलीचा शेवटचा व्हिडिओ' असं लिहिलं आणि दिला सोडून. सुरुवातीला आपल्याला केवढी गंमत वाटली होती. "बघ, मी गेल्यापासून किती लोकांचा जीव जडलाय माझ्यावर," म्हणून तू मिरवायचीस. मग तुझ्या आईला सांत्वनाचे फोन यायला लागले. ती बिचारी सांगायची, अहो, माझी पोर समोर बसून जेवतेय. पलीकडचे लोक हळहळायचे, धक्का बसलाय आईला म्हणायचे. शेवटी तू स्वतःच व्हिडिओ टाकलास, ही बघा मी, तो सिनेमा होता. त्याखाली काय काय लिहिलं लोकांनी! मेलेल्या मुलीचा चेहरा घेऊन नाव कमावतेस, लाज कशी वाटत नाही? एकाने तर लिहिलं, तुझ्या डोळ्यांत तिच्यासारखं काहीच नाही. त्या दिवशी तू फोन पालथा ठेवलास आणि मला म्हणालीस, "घुबडे, यांना ती हवीय गं. मी नकोय." पुढे तू एकेक करून सगळी खाती बंद केलीस, आणि मग एका सकाळी गावही सोडलंस.

आता मुद्द्याचं. मागच्या आठवड्यात एक काकू चष्म्याला आल्या. अंगाने किरकोळ, बोलायला मोकळ्या. जवळचं दिसतं का बघायला मी हातात वाचायचा कागद दिला, तर म्हणाल्या, कागद नको, मला हे नीट बघायचंय. आणि फोन पुढे केला. फोनमध्ये तू होतीस. नळ वाहत होता. त्यांची स्वतःची मुलगी घर सोडून गेलीय, चिठ्ठी नाही, शब्द नाही. म्हणाल्या, "हिने निदान सांगितलं तरी. माझीलाही असंच काहीतरी म्हणायचं असेल, म्हणून रोज ऐकते." मग विचारलं, "ही पोर पुढे सापडली का गं?" माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, काकू, तो सिनेमा आहे. ही माझी मैत्रीण. चांगली जिवंत आहे, धडधाकट. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. "खरं? तू बोललीस तिच्याशी? कधी?"

भिंगरी, त्या "कधी"पाशी मी अडखळले. जिवंत आहे असं मी इतकं ठणकावून सांगितलं, पण मला तरी कुठे माहीत होतं? तुझा आवाज ऐकून किती काळ लोटला, ते मला आठवेना. तोंडातून निघून गेलं, "परवाच." काकू काउंटरला धरून रडल्या, मग हसल्या. म्हणाल्या, "मग माझीही असेल." नवा चष्मा लावून गेल्या, पण आता दांडी सैल झाली म्हणून सारख्या येतात. दांडी घट्टच असते. मी उगाच स्क्रू फिरवते, आणि त्या विचारतात, काय म्हणते गं तुझी मैत्रीण? मी सांगते, तिला नोकरी लागली, तिने केस कापले, तिला सर्दी झालीय. आणि घरी आल्यावर माझ्याच अंगावर काटा येतो, कारण ही जी नोकरी करणारी, केस कापलेली मुलगी आहे ना, तीसुद्धा तू नाहीस. लोकांनी एक केली, आता मी दुसरी करतेय. म्हणून हे पत्र. परत ये म्हणत नाही, फोन सुरू कर म्हणत नाही. आहेस, एवढंच कळव. लिहायला काही सुचलं नाही, तर मला चार शिव्या लिहून पाठव. तुझ्या शिव्या मला बरोबर ओळखू येतील, त्या दुसऱ्या कुणाला जमायच्या नाहीत.

वाट बघणारी, तुझीच,
घुबडी