मंदाने हाकललेला बिबट्या

ताईस, तुझ्या पमीचा नमस्कार. मी बोलतेय आणि आमची मिनल लिहितेय, खालची सही तेवढी माझ्या हाताची.

आमचं बरं चाललंय. काशीमीऱ्याच्या गॅरेजात ह्यांचं काम चालू आहे. खोकतात, पण दवाखान्यात जात नाहीत, म्हणजे फार नसेल. तुझी कंबर कशी आहे?

जेसल पार्कात बायकांचा वाचायचा वर्ग लागलाय. पुस्तक नाही. आपण आपली गोष्ट बोलायची, रुचिता बाई ती मोठ्या कागदावर जशीच्या तशी लिहून भिंतीवर लावतात आणि मग तीच सगळ्यांनी वाचायची.

पहिली पाळी माझ्या जावेने घेतली, मंदाने. परवा मी बोट ठेवत ठेवत, कोणी न सांगता, तिचं अख्खं वाक्य वाचलं. "मी गोठ्यातून बिबट्या हाकलला." ताई, पेटती चूड घेऊन बिबट्या मी हाकलला होता. ही भाताच्या कणगीमागे रडत होती.

बाईंना सांगितलं, तर म्हणतात, "प्रमिलाताई, तुमच्या पाळीला तुमची सांगा." आता तीच सांगितली तर बायका म्हणतील, मंदाचं चोरलं. डोकं फिरलंय माझं.

शुक्रवारी माझी पाळी. तू भरतीत शिरून खाडीतनं म्हैस ओढून काढलीस, ती गोष्ट मी माझी म्हणून सांगणार आहे. मिनल हसतेय, हसू दे. तू सातवी शिकलेली, तुला भिंतीवर जाऊन काय करायचंय? मंदा शिमग्याला गावी आली आणि तिने विचारलंन, तर म्हैस पमीनेच काढली म्हण.

तुझीच,
प्रमिला