कांद्याची सालं आणि म्हातारे उंदीर

बाई,

आज माझ्या एका विद्यार्थिनीने उंदीर अर्धवट मारला आणि माझा हात तिच्यावर उठला. वेळीच आवरला, पण उठला तो तुमचाच हात होता, हे मला लगेच कळलं. म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे कुठे पोचणार नाही ते ठाऊक आहे.

नव्वदच्या दशकातली आपली ती प्रयोगशाळा. तुम्ही मार्गदर्शक, मी तुमची पीएच.डी.ची पहिली विद्यार्थिनी. सकाळी सकाळी मला एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गाळ्यांवर न्यायचात, आणि लोक कांदे निवडत असताना तुम्ही खाली पडलेली लाल सालं गोणीत भरायचात. एकदा एक माथाडी हसला, "ओ म्याडम, कांदा ठिवून साल न्यायला आलाव व्हय?" तुम्ही खेकसलात, "कांदा तू खा. मला म्हातारपण मारायचंय!" मारायचंय! तुमचं सगळं बोलणंच तसलं. पेशींना आतून गंज चढतो आणि सालीतला रंग तो थोपवतो, हे तुम्ही भांडल्यासारखं समजावून सांगायचात. अँटिऑक्सिडंट हा शब्द तेव्हा दुकानातल्या डब्याडब्यांवर आलेला नव्हता. कोणी शंका काढली की तुमच्या हातातलं काचेचं चंचुपात्र फुटायचंच.

अर्ध्यांना सालींचा अर्क पाण्यातून, अर्ध्यांना नुसतं पाणी पाजत आपण उंदीर म्हातारे होऊ दिले. साधं पाणी प्यायलेले टकले झाले, त्यांना पोक आलं, डोळ्यांत मोतीबिंदू झाले. सालवाले मात्र पिंजऱ्याच्या गजांना लटकायचे. मला त्यांचं फार कौतुक. आणि मग तो दिवस येतो. सगळ्यांनाच मारायचं आहे, कारण यकृत तपासल्याशिवाय कोण किती तरुण राहिला ते सिद्ध होत नाही. गुंगी देता येत नाही, तिने निकाल बिघडतात. मानेवर पेन्सिल दाबायची आणि शेपटी झटक्यात ओढायची. तुमच्या हाताखाली कट् असा आवाज येतो. पुढचा. कट्. माझ्या हातात सगळ्यांत चपळ उंदीर आहे. मी दाबते, पण हळू. तो किंचाळतो, मागचे पाय लुळे पडलेले, पुढच्या पायांनी टेबलावर स्वतःला ओढत निघतो. तुम्ही आधी त्याला संपवलंत आणि मग त्याच हाताने माझ्या कानाखाली वाजवलीत. हातमोज्याचं रक्त माझ्या गालाला लागलं. "दया आली ना? मग नीट मार! अर्धवट मारण्याइतका दुष्टपणा नाही." मी रडत रडत यकृतं बर्फात ठेवत राहिले. त्यानंतर कित्येक दिवस तुमची मान दिसली की मला पेन्सिल आठवायची, इतका तुमचा राग आला होता.

आणि म्हातारपण मारायला निघालेल्या तुम्ही, म्हातारपणापर्यंत पोचलातच नाही. कर्करोगाने नेमकं यकृतच धरलं. जुईनगरच्या तुमच्या फ्लॅटवर मी आले तेव्हा तुम्ही स्टीलचा पेला भिंतीवर भिरकावला होता आणि नर्सच्या हाताला चावला होतात. वेदनेने तुमचा चेहरा ओळखू येत नव्हता. तुमची बहीण चहा टाकायला आत गेली आणि तुम्ही माझं मनगट धरलंत. "हे लोक मला अर्धवट मारतायत गं. तू नीट कर. शिकवलंय ना मी तुला?" मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलता, बाई!" तुमची उशी सरकली होती, ती काढून झटकली आणि परत मानेखाली घातली. तुमच्या बहिणीने आणलेला चहा प्यायले आणि घरी गेले. पुढचे कितीतरी दिवस तुम्ही ओरडत होतात, असं तिने मला नंतर सांगितलं.

आज त्या मुलीला मी बाहेर पाठवलं आणि उंदीर मीच संपवला. मग हात धुतले, पण लिहायला बसले तरी मन थाऱ्यावर नाही. हे मी फाडूनच टाकणार आहे. पण फाडण्याआधी एक सांगते, बाई. ती उशी माझ्या हातात होती ना, तेव्हा माझा हात अजिबात थरथरत नव्हता. नीट जमलं असतं मला.