पाखरांवरून गेलेलं विमान

निमोणे, ता. शिरूर
फेब्रुवारी १९९८

तीर्थस्वरूप ज्ञानूमामांच्या चरणी बिरदेवचा दंडवत. तुमचा डोळा आता ठणकत नसेल, दौंडचं पाणी मानवलं असेल आणि रुपालीताई लेकीच्या मायेनं पथ्यपाणी करत असेल, असं धरून चालतो. इकडं मामी ठीक, म्हैस ठीक आणि पोल्ट्रीच्या शेडमधली दोन हजार पाखरं तर फारच ठीक. काळजी नसावी.

(रुपालीताई, मामांच्या एका डोळ्याला पट्टी आणि दुसऱ्यात मोतीबिंदू, म्हणजे हे पत्र तूच मोठ्यानं वाचणार. तर जे जे कंसात असेल ते मनात वाचायचं. डॉक्टरांनी त्यांना ओरडायची आणि जोर लावायची बंदी केली आहे, हे लक्षात ठेव. तोंड कसंही कर, ते त्यांना दिसत नाही, पण मध्येच 'अगं बाई' म्हणू नकोस.)

मामा, ऑपरेशनला निघताना तुम्ही शेडची किल्ली माझ्या हातात दिलीत, तेव्हा आमच्या आईनंच तुम्हाला सांगितलं होतं की या पोराला शेळीसुद्धा राखता येत नाही. मागची बॅच रोगानं गेलेली, या बॅचवर तुमचा सगळा जीव, तरी तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात. तो मी राखला. (बहुतेक राखला.) शिवाय पाखरं सांभाळता सांभाळता डिप्लोमाचं प्रोजेक्टही चालू ठेवलं. प्रोजेक्ट कागदी विमानांचं आहे. बाकीच्या पोरांनी कांदा निवडायचं यंत्र, ऊस तोडायचं यंत्र असले भारदस्त विषय आधीच पटकावले; मी आणि माझा जोडीदार, वरवंडचा नागसेन (पोरगा हुशार आहे पण घाबरट) उशिरा पोचलो, म्हणून आमच्या वाट्याला हे उरलं. कागद एकाच मापाचा घ्यायचा, पंख कमीजास्त रुंद करायचे, नाक कमीजास्त जड करायचं आणि कोणतं विमान किती लांब, किती सरळ जातं ते मोजायचं. ऐकायला सोपं आहे. पण पहिलं विमान आम्ही घोड नदीच्या काठावर सोडलं, ते वाऱ्यानं फिरून माघारी आलं आणि नागसेनच्या कानाला लागलं. दुसरं कॉलेजच्या माळावरून सोडलं, ते मेसच्या आमटीत उतरलं. शेवटी सर म्हणाले, वारा न लागणारी लांबलचक जागा शोधा, नाहीतर यंदा पास व्हायचं विसरा. आता अशी जागा तुमच्याशिवाय माझ्या ओळखीत कोणाची असणार?

म्हणून आम्ही विमानं तुमच्या शेडमध्ये उडवली. पाखरांचीही जरा करमणूक झाली.

(ताई, करमणूक झाली नाही. नागसेननं दारातून विमान सोडलं आणि ते काय सुरेख गेलं म्हणून सांगू, पंख न हलवता, पाखरांच्या डोक्यावरून, तरंगत. असं तरंगत वरून कोण जातं, हे अंड्यातून कालच बाहेर आलेल्या पिल्लालाही कळतं. घार. आम्ही दोघं इंजिनियर होणार असल्यामुळं आम्हाला ते सुचलं नाही. दोन हजार पाखरं एकदम गप्प झाली आणि मग सगळीच्या सगळी मागच्या कोपऱ्यात धावली. एकावर एक, त्यावर आणखी. अशात खालची गुदमरून मरतात, ताई. मामांनी जाताना मला एवढंच बजावलं होतं की पाखरं बुजवू नको. मी ढिगाकडं पळालो, तर मला बघून ती आणखीच वर चढली. नागसेनला ओरडून सांगितलं, पडदे वर घे, हवा येऊ दे. त्यानं घाबरून दोऱ्याच सोडून दिल्या आणि दोन्ही बाजूंचे पोत्यांचे पडदे धाडदिशी खाली आले. आत मिट्ट काळोख. आवाज बंद. "मेली का काय रं सगळी?" नागसेन म्हणाला. गलका ऐकून मामी बॅटरी घेऊन आली. बघतो तर काळोखात पाखरं जिथल्या तिथं बसून राहिलेली. तिघांनी एकेक उचलून कोपरा मोकळा केला. सगळी जिवंत होती. तळाला फक्त एक मान टाकून पडलेलं. मामीनं त्याच्या चोचीवर पाणी शिंपडलं आणि म्हणाली, "बिरदेवा, ह्ये गेलं तर तुझ्या मामाला तूच सांगायचं. मी न्हाई." ते उठलं आणि त्यानं नागसेनच्या अंगठ्याला कडकडून चोच मारली. मी तिथंच तुसावर बसून रडलो. सुटलो म्हणून रडलो. कंस जरा लांबला.)

मामा, ताई एवढा वेळ थांबली असेल तर माझं अक्षर लागत नसेल. सांगायचं असं की, पडदे पाडले की शेडमध्ये वाऱ्याची झुळूकही शिरत नाही आणि काळोखात पाखरं निवांत बसतात, असा शोध आम्ही लावला. (लागला.) मग बॅटरीच्या उजेडात रोज विमानं सोडली. रुंद पंखांचं विमान दारातून निघतं ते सरळ मागच्या भिंतीला टेकतं. सरांनी आकडे बघून आमची पाठ थोपटली. पाखरं दाणा खातायत, मी पास होतोय, तुमचा डोळा सुधारतोय. छातीवरचं ओझं उतरलंय आणि काल बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

तुमचा भाचा,
बिरदेव

ता. क. एक विनंती राहिली. परीक्षेला बाहेरून येणारे साहेब म्हणतात, विमान आम्हाला त्याच शेडमध्ये उडवून दाखवा. बुधवारी येतायत. तुमची परवानगी हवी. (ताई, मी त्यांना होच म्हणून बसलोय. मामा नाही म्हणाले तरी मला हो असंच कळव.)

आणखी ता. क. हे पत्र नेणारा टेम्पोवाला हौसराव दारात हॉर्न वाजवतोय. काल तो दौंडला तुमच्याकडं येऊन गेला, आणि आत्ता सांगतोय की मामांची पट्टी निघाली, चांगलं दिसायला लागलं आणि ते हाताला लागेल तो कागद स्वतः वाचत सुटलेत. दुसरं पत्र लिहावं तर घरात कागद नाही, सगळ्याची विमानं झाली. मामा, तुम्हाला दिसायला लागलं याचा मला खरोखर आनंद झाला, डोळ्यांत पाणी आलं. दोन दिवस उशिरा दिसलं असतं तरी चाललं असतं. आता कृपा करून पत्र पहिल्यापासून, कंस सोडून, पुन्हा एकदा वाचा. ओरडायची बंदी मात्र अजून उठलेली नाही, असं हौसराव म्हणतो. देव त्याचं भलं करो.