उंबराच्या पानांवरचे फोड

ता. २ मार्च १९३७

ताप नव्हे. देवीच! सकाळी रमिलाचं तोंड पुसायला गेले तर कपाळावर आणि मनगटांवर बारीक लाल पुरळ. सासूबाईंनी दारातूनच पाहिलं आणि हात जोडले. "माय उनी," एवढंच म्हणाल्या.

 वैशाखात तिचं लग्न आहे. प्रकाशा गावच्या रेवजी पाटलांचा मुलगा — खाऊनपिऊन सुखी घर. ह्यांनी मास्तरकीच्या पगारावर असं स्थळ मिळवलं म्हणून गावाने तोंडात बोट घातलं होतं. रेवजींचं म्हणणं एकच, हुंडा राहू द्या, मुलगी तेवढी देखणी हवी. आणि आता हे!

त्यात मी सावत्र. लग्न मोडलं तर लोक देवीला काही म्हणणार नाहीत, मला म्हणतील. खरं लिहायचं तर दोन वर्षांपूर्वी या घरात आले तेव्हा ही पोर कधी एकदा सासरी जाते असं मलाही झालं होतं. माझ्या हातची वेणी नको, माझ्या हातची भाकर नको. आता रोज पाठ करून समोर बसते आणि म्हणते, मावशी, घट्ट घाल. आता ती जावी असं वाटत नाही. पण जायचंच तर चांगल्या घरी जावी.

देवी आल्या की दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधतात. सासूबाई तो घेऊन ओसरीकडे निघाल्या होत्या. मी हातातून घेतला आणि आतल्या खोलीच्या दाराला बांधला. रस्त्यावरून दिसला असता तर तिन्हीसांजेच्या आत प्रकाशाला बातमी! सासूबाई म्हणाल्या, देवीला लपवतेस? मी डहाळा घट्ट बांधत राहिले.

ता. ३ मार्च

हे शहाद्याच्या डॉक्टरला आणायला निघाले होते. मीच अडवलं. डॉक्टरचा टांगा भर गावातून येणार, मग लपवायचं काय राहिलं? सासूबाईंच्या मते देवीला औषध चालतच नाही. माझी आणि त्यांची पहिल्यांदाच एकी झाली! ह्यांनी टोपी परत खुंटीला लावली.

ता. ५ मार्च

सासूबाईंना एक उपाय माहीत आहे. उंबराच्या काही पानांवर फोड येतात — लालसर, टणक, अंगावर देवीचे उठावेत तसेच. ते फोड सोलून दुधात भिजत घालायचे, वाटायचे, मधातून चाटवायचे. वण राहत नाहीत म्हणे. त्यांच्या नणंदेला दिलं होतं, तिचं तोंड शेवटपर्यंत लोण्यासारखं राहिलं. हे म्हणाले, पानाला फोड आले म्हणून माणसाचे जातील, हे कुठलं शास्त्र? सासूबाईंनी विचारलं, मग तुझं शास्त्र काय सांगतं? ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चुलीत लाकूड सारलं.

उजाडताच तापीकाठी गेले. टरबुजांच्या वाड्यांच्या वरच्या अंगाला जुना उंबर आहे. फोडांची पानं नेमकी वरच्या फांदीला! लुगडं खोचलं आणि चढले. मास्तरीणबाई झाडावर — कोणी पाहिलं असतं तर गावाला शिमग्यापर्यंत पुरलं असतं. ओटीभर पानं आणली. सोलायला बसले तर फोडाफोडांत बारीक किडे.  तरी वाटलं, गाळलं, मध घातला. रमिलाने चाटलं आणि तोंड वाकडं केलं. म्हणाली, याच्यापेक्षा देवी बरी. हसू आलं मला. आजारातही जीभ शाबूत आहे पोरीची.

ता. ८ मार्च

आज तिच्याकडे बघवत नाही. तोंड सुजून ओळखू येईना. फोड पाण्याने भरलेत, पापण्यांवरसुद्धा. डोळे चिकटून मिटलेत, कडांतून पू येतो. कोमट पाण्याने पुसायला गेले तर सासूबाईंनी मनगट धरलं.

"डोयाले हात लावू नको. तठे देवी बठेल शे."

फडकं खाली ठेवलं. उगीच देवीचा राग कशाला ओढवून घ्या? पण गालांवर, कपाळावर, नाकावर उंबराचंच वाटण मोरपिसाने लावलं. त्याला त्या काही बोलल्या नाहीत. तोंड वाचवायचं आहे हे त्यांनाही कळतं.

ता. ९ मार्च

रमिलाने विचारलं, तोंडावर किती आहेत? म्हटलं, थोडेच. बोटं लावून बघणार होती, हात धरून ठेवले.

ता. १२ मार्च

ताप जरा उतरला. पण दिवसभर त्या अंधाऱ्या खोलीत पडून पोर कंटाळली आहे. उजेड नको म्हणून खिडकीला घोंगडी लावली आहे. मी रोज उंबरावर जाते हे कळल्यावर म्हणाली, तिथे फूल दिसलं का? उंबराचं फूल ज्याला दिसतं तो राजा होतो असं लहानपणी आजीने सांगितलेलं.

हे तिथेच बसले होते. कधी नव्हे ते उत्साहाने उठले. मी पानांबरोबर चार कच्ची उंबरं आणली होती, त्यातलं एक ह्यांनी चाकूने उभं चिरलं आणि तिला सांगू लागले. उंबर म्हणजे फळ नव्हेच, फुलांची पिशवी! बाहेर एकही फूल नाही, आत शेकडो. शेंड्याला एवढंसं भोक, त्यातून केंबरं, म्हणजे चिलटाएवढा किडा, आत शिरतं आणि फुलांत अंडी घालतं. शाळेतलं भिंग आणलं आणि मला दाखवलं. खरंच, दाटीवाटीने इवलाली फुलं! काही बारीक, काही टपोरी. मी म्हटलं, ही टपोरी जास्त चांगली धरलेली दिसतात. तर हे म्हणाले, उलट. त्यांत केंबराचं पिल्लू आहे. त्या फुलाला बी धरत नाही. ते फुगतं, पिल्लाला पोसतं, आणि पिल्लू मोठं झालं की पोखरून निघून जातं.

मी पटकन बोलून गेले, "म्हणजे माझ्यासारखंच की!"

गंमत म्हणून बोलले. पण दोन वर्षं झाली, माझी कूस रिकामीच आहे. ह्यांनी भिंग पुसायला घेतलं. रमिला मिटल्या डोळ्यांनी हात पुढे करून चाचपडत होती. तिच्या तळहातावर मी ती उंबराची फोड ठेवली. वास घेतला तिने. म्हणाली, डोळे उघडले की बघेन, ठेवून द्या. म्हटलं, ही तोवर सुकेल, तुला ताजं आणीन. मग माझा हात तिने बराच वेळ सोडला नाही. मी मागच्या पडवीत जाऊन रडले. कशासाठी रडले ते मलाही सांगता यायचं नाही.

ता. १७ मार्च

फोड वाळू लागले. खपल्या धरतायत.

दुपारी शेजारची कालीबाई आली. रमिला कुठे दिसत नाही बरेच दिवस? म्हटलं, मामाकडे गेली आहे, लग्नाआधी चार दिवस. कालीबाई बसलीच. फोडणीचा वास येत नाही तुमच्याकडून, म्हणाली. देवी घरात असताना फोडणी देत नाहीत — काय नाक आहे बाईचं! म्हटलं, सासूबाईंचा उपास. तिचा विश्वास बसला नाही हे मला दिसत होतं. पण उंबर फोडून केंबरे उडवायची तिची जुनीच सवय, मी काही धागा लागू दिला नाही. उठता उठता म्हणाली,

"सवतनी पोर शे, जपीसन ऱ्हाय. काही व्हयनं ते लोके तुलेच धरतीन."

आतल्या खोलीत शब्द न् शब्द ऐकू गेला असणार. मी आत गेले तेव्हा रमिला भिंतीकडे तोंड करून होती. झोपली असं समजून गोधडी सारखी केली.

ता. १८ मार्च

उंबराच्या त्या फांदीवरची फोडांची पानं संपली. आज थेट शेंड्याला गेले. गुडघा सोलवटला.

ता. २३ मार्च

खपल्या पडतायत आणि खाली — गुळगुळीत! पाठीवर खड्डे आहेत, हातांवरही आहेत. पण गालांवर नाहीत, कपाळावर नाहीत, नाकावर नाही. नुसते गुलाबी ठिपके, तेही जातील म्हणतात सासूबाई. त्यांनी माझी अलाबला घेतली! "सोनी, तू वाचाडी पोरले," म्हणाल्या. या घरात आल्यापासून त्यांच्या तोंडून माझं नाव असं गोड कधी ऐकलं नव्हतं. हेसुद्धा कबूल झाले, तुमच्या फोडांत काहीतरी असावं बुवा. मी म्हटलं, लिहा तुमच्या शास्त्रात.

ता. २८ मार्च

शिमगा झाला. देवीला दहीभाताचा नैवेद्य दाखवून निरोप दिला. डहाळा तापीत सोडला. रमिलाला कडुनिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातलं.

डोळे उघडले आहेत. पण पापण्या अजून लाल आणि जड, उजेड टोचतो म्हणते, सारखी खाली मान. पदर ओढून घेते. अशक्तपणाही फार, भिंत धरून चालते. सासूबाई म्हणतात, तूप द्या, येईल ताकद. उद्यापासून शिरा करणार. फोडणी सुरू झाली घरात! आमटीचा वास आला तर मलाच भरून आलं.

ता. १ एप्रिल

रेवजी पाटील आज न सांगता आले. कुजबुज पोचली असणारच. लग्नाचं बोलायला आलो म्हणाले, पण डोळे आतल्या दारावर.  रमिलाला हिरवं लुगडं नेसवलं. पाणी न्यायला सांगितलं तर म्हणाली, तांब्या तूच घे मावशी, माझे हात कापतात. मी तांब्या घेतला, तिच्या कोपराला धरून ओसरीवर आणलं. तिने वाकून नमस्कार केला आणि पाटावर बसली. मान खाली, नजर जमिनीला. रेवजींनी चांगलं निरखून पाहिलं. मग ह्यांना म्हणाले,

"पोरनं तोंड ते आरशासारखं शे. लोके काय बी बोलतस."

किती विनयाची पोर, नजरसुद्धा वर करत नाही, याचंही कौतुक केलं. अक्षय्य तृतीयेनंतरचा मुहूर्त पक्का झाला. ते गेल्यावर मी देवापुढे साखर ठेवली. रमिला खोलीत जाऊन पडली होती. दमली म्हणाली. कपाळावरून हात फिरवला तर तिने तो ओठांना लावला.

ता. २ एप्रिल

देवीच्या दिवसांत आरसा दाखवत नाहीत. आज माझा, माहेरचा, तिच्या हातात दिला. म्हटलं, बघ आता, कशी दिसतेस. तिने दोन्ही हातांनी तो तोंडासमोर धरला, थोडा वेळ थांबली, हसली, म्हणाली, छान आहे. काच माझ्याकडे होती. लाकडाची पाठ तिच्याकडे.

हनुवटी धरून तिचं तोंड खिडकीकडे वळवलं. दोन्ही बुबुळांवर दुधासारखी साय.

"डोया उघडनात तवयपाईन दिखत नही माले. लोके तुले नावे ठेवतीन, म्हनीसन सांगं नही."

चेहऱ्यावर एकही वण नाही.