फाटक तुम्हीच उघडलं होतं

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन महिना झाला. रडून झालं आहे. आज रागाने लिहितेय, कारण काल विहारातल्या शोकसभेत तुमच्याबद्दल खोटं बोललं गेलं.

बिरसीजवळच्या आपल्या गावातून परदेशातल्या भारतीय वकिलातीत नोकरीला गेलेले पहिले तुम्ही, हे सगळ्यांनी कौतुकाने सांगितलं. मग शामकाका, तुमचे सख्खे भाऊ, उठून म्हणाले, "तब्येत साथ देत नव्हती म्हणून दादानं नोकरी सोडली."

तब्येत? नव्वदीतही धानाच्या बांधीत, गुडघाभर चिखलात उतरणाऱ्या माणसाची?

मी सात वर्षांची होते, पण मला आठवतं; उरलेलं पुढे आईने सांगितलं. तुमची नेमणूक होती त्या देशात लष्कराने सत्ता घेतली होती. बंदरात राबणारे आपल्या देशातले मजूर बायकापोरांसह वकिलातीच्या फाटकाशी जमले होते. रस्त्यावर गोळीबार चालू होता. राजदूतांचा हुकूम होता, कुणालाही आत घ्यायचं नाही. तुम्ही त्यांना एकदा विनवून पाहिलंत, आणि मग स्वतःच्या हाताने फाटकाची कडी काढलीत. आईने भाताचे हंडे चढवले. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा उरली नाही.

पुढे दिल्लीत तुम्हाला सांगितलं गेलं, हुकूम मोडल्याबद्दल फक्त माफी मागा, नोकरी राहील. तुम्ही माफी न मागता राजीनामा दिलात आणि आम्हाला गावी आणलंत.

लोक विचारायचे, "काऊन वापस आला साहेब? हाकललं का?" तुम्ही गप्प. का, बाबा? शाळेतल्या पोरी मला 'हाकललेल्या साहेबाची पोरगी' म्हणायच्या. आईने तर ते मरेपर्यंत ऐकलं. त्या गप्प बसण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

म्हणून काल मी उभी राहिले. "तब्येत नाही काका, बाबांनी हुकूम मोडला होता," म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

काका हळूच म्हणाले, "आता कायले उकरून काढून राहिली? दादाची इज्जत जाईल ना."

"इज्जत त्यातच आहे, काका. लपवायचं कशाला?"

मागून एका म्हाताऱ्या बाईने उठून विचारलं, "अन् ते लोक? वाचले का?"

"वाचले. सगळे."

"मंग झालं त," म्हणून ती खाली बसली. काकांनी डोळे पुसले.

बाबा, गप्प राहणं तुम्हाला जमलं, मला जमणार नाही. चौकात तुमच्या नावाची पाटी लागणार आहे. तिच्यावर 'माजी अधिकारी' एवढंच लिहू देणार नाही. माझ्या बापाने हुकूम मोडून माणसं वाचवली, हे तिथे लिहिलं जाईल. कोणाला खटकलं तर त्याने माझ्याशी येऊन बोलावं. मी घरीच असते.

तुमचीच,
शालू