विंगेतलं स्टूल

४ मार्च
स्टूल माझ्या गळ्यात पडलं! सासूबाईंना जाऊन सव्वा महिना झाला, आणि रविवारच्या प्रयोगाला विंगेत बसून प्रॉम्प्टिंग मी करायचं म्हणे. नणंदेने परस्पर जाहीर केलं — "वहिनी, आईच्या जागी दुसरं कोण बसणार?" कोणीही बसा, मी नाही, असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "बरं."

५ मार्च
तालमीत सगळे आईंच्याच आठवणी काढतात. का नाही काढणार? अडतीस वर्षं नाट्यमंडळ एकहाती चालवलं बाईने. आमची निम्मी भांडी कुठल्या ना कुठल्या अंकात काम करून आलेली! जावईबापू मागणी घालायला आले, तर त्यांना आधी हवालदाराची भूमिका दिली. लग्न नंतर ठरलं.

आणि प्रॉम्प्टिंग! नुसतं पहिलं अक्षर पुटपुटायच्या, की नट घडाघडा बोलायला लागायचा. पहिल्या रांगेलाही पत्ता नाही. एकदाही चुकल्या नाहीत, असं सगळे छातीठोकपणे सांगतात.

मी चहाचे कप गोळा करायला लागते.

६ मार्च
लिहूनच टाकते. अकरा वर्षांपूर्वी याच नाटकात मी होते. तिसरा अंक, लेकीला निरोप देतानाचं माझं वाक्य — आणि डोकं कोरं! विंगेकडे पाहिलं. आई समोरच. एक अक्षर सांगितलं नाही! मी नुसती लेकीच्या कोटाची बटणं लावत राहिले. लोकांना तो अभिनय वाटला, टाळ्या पडल्या. मला वाटलं, सुनेची फजिती बघतायत.

त्यानंतर स्टेजवर पाय ठेवला नाही. आई दर वर्षी विचारायच्या, "यंदा काम करतेस?" मी म्हणायचे, "नाही, मुलांच्या परीक्षा आहेत." मुलं नोकरीला लागली तरी परीक्षाच! यंदा दवाखान्यात खाटेवरून विचारलं, तेव्हा "बघू" म्हटलं. वेळ मारून न्यायला, दुसरं काय.

७ मार्च
त्यांची संहिता उघडली. दवाखान्यातही उशाशी हीच होती. समासात जागोजाग पेन्सिलीने — "हा इथे घसा खाकरतो." "ही घाई करते, श्वास घ्यायला लावणे." माणसं कशी पाठ होती! फार अभिमान वाटला. तिसरा अंक काढायचा मात्र धीर होईना.

८ मार्च
प्रयोगाला तासभर आहे. स्टुलावर बसून तिसरा अंक काढला. माझ्या वाक्यापुढे —
"इथे वाचायचं सोडून सूनबाईकडे बघतच बसले. इतकं सुंदर काम! चूक माझी. तिला सांगायचा धीर होत नाही."
खाली ओळीने दहा वेळा — "विचारलं. नाही म्हणाली."
अकरावी ओळ थरथरत्या अक्षरात — "विचारलं. बघू म्हणाली!!"